रमणभाऊंची तिवई

परवा ओळखीच्या एका मुलीने विचारलं, "ताई, मी घरूनच काम करू, की कुठे को-वर्किंगमध्ये टेबल घेऊ? त्याचा खरंच काही फायदा होतो का?" मी मोठ्या माणसाच्या थाटात सांगायला लागले. इंटरनेट चांगलं असतं, लाइट गेली तर इन्व्हर्टर असतो, गिऱ्हाईक आलं तर बसवायला जागा असते, प्रिंटर आपला घ्यावा लागत नाही. ती मान डोलवत होती आणि मला मात्र आपण भलतंच काहीतरी सांगतोय असं वाटत होतं. कारण माझ्या डोळ्यांसमोर प्रिंटर नव्हताच. एक लाकडी तिवई होती आणि तिच्याभोवतीचे रिकामे कप गोळा करणारे रमणभाऊ होते.

आता मी पालघरला असते, माझं स्वतःचं छोटं ऑफिस आहे. पण धंदा सुरू केला तो बोईसरला. माहेर सांगलीकडचं, नवऱ्याची नोकरी तारापूरच्या एका कारखान्यात, म्हणून बोईसरलगतच्या सरावलीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड. कारखान्यात नवीन यंत्र आलं की त्याच्याबरोबर इंग्रजी माहितीपुस्तक येतं. ते कामगारांना कळेल अशा मराठीत आणि हिंदीत मी लिहून देते. कुठलं बटण आधी दाबायचं, कुठल्या झाकणाला हात लावायचा नाही, हे सगळं. पण मी घरून काम करते म्हणजे घरीच असते आणि घरीच असते म्हणजे रिकामी असते, असा शेजाऱ्यांचा हिशोब होता. सगळ्या मजल्याची कुरिअरं माझ्याकडे, गॅसचे सिलिंडर माझ्याकडे, वरच्या वहिनी बाजारात निघाल्या की त्यांचं बाळही माझ्याकडे. एकदा एका कारखान्यातल्या साहेबांशी मी अगदी ठेवणीतल्या आवाजात बोलत होते, तेवढ्यात मागे कुकरने शिट्ट्या सुरू केल्या. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, आधी भात उतरवून घ्या." मी भात उतरवला आणि जागा शोधायला बाहेर पडले.

बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक बसकं घर, त्यावर पहिल्या मजल्यावर लांबलचक हॉल. बाहेर झकपक इंग्रजी नावाचा बोर्ड, जो कोणी वाचत नसे. सगळे म्हणत, रमणभाऊंचा हॉल; खालच्या घरात ते राहत. तिथे नेमकं काय चालतं हे गावाला कळायला बराच वेळ लागला. बारशाला हॉल मिळेल का विचारायला माणसं येत. कुणी म्हणे, दहावीचे क्लास कधीपासून? एका गृहस्थांनी जिन्यातूनच ओरडून विचारलं, "इथे बनतं काय?" रमणभाऊंनी वरून तितक्याच मोठ्याने सांगितलं, "बनत काय नाय. इथे माणसं बसतात."

त्यांचा आवाज मोठा होता तो रागाने नव्हे, जुन्या धंद्यामुळे. रमणभाऊ मूळचे माकुणसारचे, पण तरुणपणीच या भागात डाय कोरायचं काम शिकायला आले. पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी उलटी कोरायची, मग वर पत्रा ठेवून ठोका दिला की ती सुलटी उमटते. त्याच हॉलमध्ये त्यांचा कारखाना होता. एका रांगेत कारागीर बसत, प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं, काम वेगळं, पण छप्पर एक आणि ठोक्याचं यंत्र एक. त्या आवाजात शेजारच्याशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. पुढे यंत्रावर नक्षी कोरून मिळायला लागली आणि कारागीर एकेक करून निघून गेले. हॉल रिकामा झाला. त्यांच्या बायकोने, कुसुमवहिनींनी, म्हणे मुलाला फोन केला होता, "तुझे बाबा रिकाम्या हॉलात जाऊन बसतात रे. काय करतात, ते मला सांगत नाहीत."

मुलगा निलेश पुण्याला कॉम्प्युटरमध्ये. को-वर्किंगची कल्पना त्याचीच. त्याने इंटरनेट घेतलं, एसी बसवला, इंग्रजी बोर्ड लावला. टेबलंही नवी घेणार होता; रमणभाऊंनी घेऊ दिली नाहीत. डायवाल्यांची कामाची जाडजूड बाकंच त्यांनी रंधा मारून, पॉलिश करून घेतली. माझ्या लॅपटॉपखालच्या लाकडात कुणाच्या तरी छिन्नीचे खड्डे होते आणि माऊस त्यात हमखास अडकायचा. तक्रार केली की रमणभाऊ म्हणत, "ते बाक नशीबवान हाय, बाय. त्या बाकावर बसलेल्याने स्वतःचं घर बांधलं." हेच ते प्रत्येक बाकाबद्दल प्रत्येकाला सांगत, हे मला फार उशिरा कळलं.

पांढरा हाफ शर्ट, त्याच्या खिशात डाय बघायचं भिंग. बघायचं काही असलं की भिंग निघायचंच. कागद असो, मोबाईल असो, लॅपटॉपचा पडदा असो, ते भिंग लावून अगदी नाक टेकवून बघत आणि मग म्हणत, "छान हाय. पण मला काय कळत नाय." माकुणसारला बहिणीकडे गेले की वाडीतली केळी घेऊन येत आणि प्रत्येकाच्या बाकावर न विचारता ठेवत. उपास आहे, पोट भरलंय, डाएट चाललंय, यातलं काहीही त्यांना ऐकू येत नसे.

आणि चार वाजता चहा. हॉलच्या कोपऱ्यात कारखान्याची जुनी ऐरण होती. तिच्यावर ते हातोडीने तीन टोले देत. कुणी फोनवर असो, कुणाची दिल्लीच्या गिऱ्हाइकाबरोबर मीटिंग असो, टोले पडत म्हणजे पडतच. मग सगळ्यांनी उठून मधल्या तिवईभोवती यायचं. तिवईवर चहाची किटली नाही ठेवायची, ती खाली. तिवईवर ठेवायचं ते आपलं अडलेलं काम.

ही डायवाल्यांची रीत होती. कारागिराचं काम अडलं की तो चहाच्या वेळी डाय आणून तिवईवर ठेवी. बाकीचे चहा पितापिता बघत. "आपली चूक आपल्याला दिसत नाय," रमणभाऊ समजावत, "डोळ्याला सवय होते. दुसऱ्याला लगेच दिसते, कारण त्याला तिची माया नसते." त्यांनी हीच रीत आमच्यावर चालवली. लॅपटॉप ठेवा, कागद ठेवा, नाहीतर तोंडाने सांगा. आणि ज्याचं काहीच अडलेलं नाही त्याने सगळ्यांचे कप धुवायचे.

पहिल्या दिवशी मला विचारलं, "काय अडलंय, बाय?" मी नवी, त्यात सांगलीची. अडलंय असं चारचौघांत कोण कबूल करणार? म्हटलं, "काही नाही." कपांचा ट्रे हातात आला. मोरी खाली, घराच्या मागच्या अंगाला. जिना उतरा, धुवा, परत चढा. दुसऱ्या दिवशी माझं बरंच काही अडलेलं होतं. खरं अडलेलं हे की कारखान्यांत एकटीने शिरून काम मागायचा मला धीर होत नव्हता; ते सांगून टाकलं. समोर दुबेजी बसले होते. उत्तर प्रदेशातले, कॉम्प्रेसर दुरुस्तीचा एकट्याचा धंदा, हाताला कायम ग्रीस. ते म्हणाले, "अरे, मैं तो रोज जाता हूँ. कल मेरे साथ चलिए." माझी पहिली दोन-तीन गिऱ्हाइकं दुबेजींच्या कॉम्प्रेसरच्या मागून आली. मी त्यांना त्यांच्या बिलांचा मजकूर नीट लिहून दिला. बरोबरीच झाली म्हणा.

अनिकेत नावाचा एक मुलगा होता, तारापूरच्या कॉलनीतला, वडील वीज केंद्रात. तो अ‍ॅप बनवत होता आणि ते कसलं, हे कुणाला सांगत नव्हता. कल्पना चोरीला जाते, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. रोज म्हणायचा, "माझं स्मूथ चाललंय," आणि रोज कप धुवायचा. आम्ही डोळे मिचकावत त्याच्या हातात ट्रे द्यायचो. एके दिवशी धुऊन आला तो तिवईसमोर उभा राहिला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "कोणी वापरतच नाही." कामगारांना कारखान्याची बस कुठे पोहोचली हे दाखवणारं अ‍ॅप होतं बिचाऱ्याचं. रमणभाऊंनी भिंग लावून बघितलं. "छान हाय. पण मला काय कळत नाय," म्हणाले. त्यांना काही कळत नव्हतं हे खरंच होतं. पण पुढचा तासभर आम्ही बाकीचे त्या अ‍ॅपवर तुटून पडलो. त्यातली इंग्रजी वाक्यं मी काढून हिंदी घातली, दुबेजींनी स्टॉपना लोकांच्या तोंडातली नावं दिली. अनिकेत खूश झाला, पण माझ्यावर थोडा रुसलाही. माझी सवयच आहे तशी, दुसऱ्याचं वाक्य दिसलं की मला राहवत नाही.

सर्वांत मोठं महाभारत झालं ते हर्षलाच्या बोंबलांवरून. हर्षला किनाऱ्यावरच्या गावातली, आई सुकी मासळी विकायची. हिने ती ऑनलाइन विकायला घेतली. घरी वाळवण, पण ऑर्डर, फोटो, पत्ते, सगळं हॉलमध्ये बसून. एकदा नमुने म्हणून ती बोंबील आणि सुकट घेऊन आली. बंद खिडक्या, एसी चालू. दुबेजी शुद्ध शाकाहारी. ते नाकाला रुमाल लावून उठले. "भाऊ, या तो मछली रहेगी, या दुबे रहेगा!" हर्षलाही काही कमी नव्हती. "तुमच्या ग्रीसचा वास आमी रोज खातो, ते?" मी मनातून हर्षलाच्या बाजूची, पण श्वास मीही तोंडानेच घेत होते. आता रमणभाऊ कुणाला बाहेर काढणार, म्हणून सगळे बघत होते. रमणभाऊंनी वेळ नसतानाच ऐरणीवर टोले दिले, बोंबलाची पिशवी उचलली आणि तिवईवर ठेवली.

"काय अडलंय?"

"वास अडलाय," हर्षला म्हणाली. "कुरिअरवाले पण पार्सल घेत नाय. म्हणतात, पूरी गाड़ी महकती है."

दुबेजी लांब खिडकीत उभे होते. तिथूनच, रुमालाआडून म्हणाले, "हवा निकालो उसमें से. पिशवी में हवा है, तो बास आएगी." मग स्वतःच वैतागून, "रुको. मैं करता हूँ." कुठल्याशा भंगारातला पंप आणून त्यांनी तो खटपट करून जुळवला. पिशवीतली हवा ओढून घेतली की पिशवी बोंबलाला चिकटून बसे, आणि मग तोंड बंद करायचं. वास अगदीच गेला नाही, पण कुरिअरवाला पार्सल घ्यायला लागला. आयुष्यात मासळीला न शिवलेल्या माणसाने ते यंत्र जुळवलं, ते केवळ आपल्या नाकाच्या सोयीसाठी. हर्षलाच्या पुड्यांवर पुढे कितीतरी दिवस आम्ही 'दुबे स्पेशल' लिहून त्यांना छळलं. घरात एकटी बसली असती तर हर्षलाला तो पंप कुठे भेटला असता?

आता मुद्द्याचं. अनिकेतचं तोंड उघडल्यावर कप कोण धुवायचं? रमणभाऊ. रोज. गोल फिरून सगळ्यांना विचारून झालं की ते स्वतःच म्हणत, "माझं काय अडत नाय," आणि ट्रे उचलत. त्यांचा चहा तिवईच्या पायाशी निवत राही. कुसुमवहिनी आजारी पडल्या तेव्हाही, "माझं काय अडत नाय." वहिनी गेल्या, चौदावा झाला, भाऊ पुन्हा वर आले, टोले दिले, सगळ्यांना विचारलं आणि कप उचलले. आम्हाला वाटायचं, काय देवमाणूस आहे. अडलेलं तिवईवर ठेवायचा नियम त्यांचाच होता आणि तो त्यांना मोडू देत होतो आम्ही, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. शहाणे सगळे!

मग ते जिन्यात पडले. हातात कपांचा ट्रे होता. हाड मोडलं नाही, पण गुडघा असा सुजला की पुढे जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबायला लागले. निलेश धावत आला. त्याचं म्हणणं सरळ होतं, बाबा, आता इथे एकटे राहू नका, पुण्याला चला. हॉल गोदामाला मागणारी एक पार्टी आहे, पूर्ण जागा घेते, देऊन टाका. तो गेल्यावर दोनच दिवसांत एक एजंट टेप घेऊन हॉल मोजायला आला. आम्ही बाकांवर बसलेले, आणि तो आमच्या पायांखालून टेप सरकवतोय. रमणभाऊ म्हणाले, "रंग लावायचा हाय, म्हणून माप." रंग लावायला जमिनीचं माप कुणी घेतं का? आम्हा सगळ्यांना कळलं. हॉल जाणार, तिवई जाणार, आणि भाऊ पुण्याच्या कुठल्यातरी फ्लॅटच्या गॅलरीत बसणार.

पण विचारायचं कुणी? आम्ही आपापसांत कुजबुजायचो. दुबेजी म्हणत, "मैं पूछूँगा," आणि चार वाजले की चहाच्या कपात बघत बसत. भाऊ सगळ्यांना विचारत, काय अडलंय, आणि लंगडत ट्रे घेऊन निघत. मी ट्रे हिसकावून घ्यायचा प्रयत्न केला तर माझ्यावरच ओरडले, "नियम म्हणजे नियम!"

शेवटी केलं ते हर्षलाने. त्या दिवशी टोले पडले, आम्ही जमलो, बघतो तर काचेचे कप गायब. हर्षलाने पिशवीतून कागदी कप काढून मांडले. रमणभाऊंना कागदी कप अजिबात खपत नसत. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण चहा ओतला. सगळ्यांचं विचारून झालं. मग नेहमीप्रमाणे, "माझं काय अडत नाय," म्हणून उठले आणि उभेच राहिले. उचलायला काही नव्हतंच. आम्ही आपापले कप चुरगाळून डब्यात टाकले होते.

"आज धुवायला काय नाय, भाऊ," हर्षला म्हणाली. "बसा. काय अडलंय, सांगा."

ते परत खाली बसले. नंतर खिशात हात घातला. मला वाटलं भिंग काढताहेत. त्यांनी हॉलची किल्ली काढली आणि तिवईवर ठेवली.

"निलेश बोलतो ते खोटं नाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "जिना जमत नाय. घरात पडलो तर बघायला कोण नाय. पोरगा तिथे काळजीत. पण मी तिकडे जाऊन करू काय? एकट्याने बसायची मला सवय नाय. आख्ख्या आयुष्यात कदी एकटा बसलो नाय मी. एवढंच अडलंय."

मला रडू आलं. दुबेजींनी ग्रीसचा तोच रुमाल डोळ्यांना लावला आणि मग डोळे चुरचुरतात म्हणून बसले. पण किल्ली तिवईवर होती, म्हणजे रीतीप्रमाणे काम सुरू झालं. अनिकेत म्हणाला, जिना भाऊंनी चढायचाच कशाला, तिवई खाली मागच्या ओट्यावर न्या, चारला आपण उतरू. ऐरणही खाली. दुबेजी सरावलीत एका खोलीत बायकोपोरांसह दाटीने राहत होते. भाऊंच्या घराची मागची खोली रिकामीच होती. "हम आ जाएँ तो आपको अकेला कौन छोड़ेगा? मेरी घरवाली तो किसी को चुप भी नहीं बैठने देती." सकाळी हॉल उघडायचं काम हर्षलाने घेतलं. मी निलेशला फोन करायचं कबूल केलं, कारण सरळ वाक्यं जुळवणं हा माझा धंदा.

निलेश शनिवारी आला, थोडा घुश्शातच. परक्या लोकांनी आपल्या बापाबद्दल ठरवावं, हे कुठल्या मुलाला आवडेल? त्याचं मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. चार वाजले. ओट्यावर टोले पडले, काचेचे कप परत आले होते, आम्ही सगळे तिवईभोवती. भाऊंनी एकेकाला विचारलं आणि मुलापाशी आले.

"तुझं काय अडलंय?"

"माझं?" निलेश म्हणाला. "माझं काही नाही."

आम्ही सगळे हसलो. अनिकेतने उठून अदबीने त्याच्या हातात ट्रे दिला. निलेश गोंधळला, पण मुकाट्याने मोरीवर गेला. आता ती जवळच होती, ओट्यावरून दिसत होती. नळाचा आवाज, कपांचा आवाज. एकाएकी नळ बंद झाला. ओल्या हातांनीच तो परत आला आणि तिवईसमोर उकिडवा बसला.

"अडलंय," तो म्हणाला. "बाबांचा फोन वाजत राहिला आणि त्यांनी उचलला नाही, की माझं कामात लक्षच लागत नाही."

यावर दुबेजींनी खिशातून आपला मोबाईल काढला आणि म्हणाले, "मेरा नंबर लिखो." हर्षलाने तिचा दिला, अनिकेतने दिला, मीही दिला. निलेश एकेक नंबर लिहून घेत होता आणि त्याच्या बोटांवरचं पाणी मोबाईलवर ठिबकत होतं. गोदामाच्या पार्टीला त्याने तिथूनच नाही म्हणून कळवलं.

पुढे आम्ही पालघरला आलो आणि माझं तिथलं बाक सुटलं. रमणभाऊ आजही तिथेच असतात, दुबेजींच्या पोरांच्या गलक्यात. पण ते आठवतात ते त्या शनिवारचे. निलेश उरलेले कप धुवायला परत मोरीवर गेला होता. तिथूनच त्याने हाक मारली, "बाबा, हे इतकी वर्षं रोज तुम्हीच धुवायचात?"

"रोज," रमणभाऊ म्हणाले.

"का पण?"

भाऊंच्या हातात चहा होता, वाफा येत असलेला. त्यांनी बिस्किट बुडवलं, आमच्याकडे बघितलं आणि मोठ्याने हसले.

"माझं काय अडत नव्हतं ना!"